आवाज बसलेला डॉक्टर

इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीत माझा दवाखाना होता, तेव्हा लोक मला 'ऐकून घेणारा डॉक्टर' म्हणायचे. दुसऱ्या मोहल्ल्यांतून माणसं यायची आणि खुर्चीवर बसता बसता सांगायची, की तुम्ही पेशंटचं सगळं ऐकता म्हणून आलो. मी मान डोलवायचो. ही कीर्ती मला कशी मिळाली हे मी फारसं कुणाला सांगितलं नाही, कारण तिच्यात माझा वाटा थोडा आणि माझ्या घशाचा जास्त होता.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात असावी. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून, थोडे दिवस सरकारी नोकरी करून मी हा दवाखाना टाकला होता. जागा चांगली मिळाली, फक्त दोन्ही बाजूंना पितळेचे कारखाने होते. कारखाने म्हणजे काय, एक खोली, चार माणसं आणि चार हातोडे. सकाळपासून पाण्याच्या गुंडांवर आणि परातींवर ठोक ठोक चालायची. पेशंटला काय होतंय हे विचारायचं तर ओरडून विचारावं लागे, आणि तो ओरडून सांगे. मूळव्याधीसारख्या गोष्टीसुद्धा आम्ही एकमेकांना ओरडून सांगत होतो. बाहेर बाकावर बसलेले बाकीचे लोक मन लावून ऐकायचे आणि कधीकधी उपायही सुचवायचे.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पेशंटची हिस्ट्री घ्यायची. घ्यायची, म्हणजे तो देईल त्याची वाट बघत बसायचं नाही. ताप कधीपासून, खोकला कोरडा की ओला, जेवण जातं का, शौचास साफ होतं का. पेशंट यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नसे. ताप कधीपासून म्हटलं की तो भाच्याच्या लग्नापासून सुरुवात करायचा. मग मी म्हणायचो, लग्न राहू द्या, ताप सांगा. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं. बाकावर वीस माणसं बसलेली असली म्हणजे डॉक्टरला प्रत्येकाच्या भाच्याच्या लग्नाला जाता येत नाही.

दीड-दोन वर्षं असं ओरडल्यावर माझा आवाज घोगरा झाला. आधी हळद-दूध झालं, मग मिठाच्या गुळण्या, मग ज्येष्ठमध. डॉक्टर असूनही मी सगळे घरगुती उपाय केले, कारण दुसऱ्या डॉक्टरकडे जायची मला लाज वाटत होती. शेवटी बायकोच मला रामदासपेठेतल्या एका घसातज्ज्ञांकडे घेऊन गेली. ते मला कॉलेजात सीनियर होते. मोठं नाव, मोठा बंगला, वेटिंग रूममध्ये पंखा आणि मासिकं.

त्यांनी कपाळावर आरसा लावला, माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, घशात दुसरा छोटा आरसा घातला आणि मला 'ई' म्हणायला सांगितलं. माणसाची जीभ दुसऱ्याच्या हातात असताना त्याला जे काय म्हणता येतं ते मी म्हटलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग आरसा काढून माझ्याऐवजी माझ्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, छोटीशी गाठ आहे. काढून टाकू. यंदा संत्री कशी आहेत तुमच्याकडे?"

माझ्या सासऱ्यांची काटोलला संत्र्यांची बाग होती, हे त्यांना ठाऊक होतं. मग ते दोघं संत्र्यांवर बोलले. मी काही विचारायला तोंड उघडलं, तर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अरे, तू तर डॉक्टर आहेस. तुला काय सांगायचं?"

आणि त्यांनी खरोखरच काही सांगितलं नाही. ऑपरेशन झालं. गाठ तपासायला पाठवली आहे, हे मला नर्सच्या बोलण्यातून समजलं. महिनाभर एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, ही ताकीद त्यांनी बायकोला दिली. ती देताना ते माझ्याकडे बघत नव्हते. आता, पेशंटकडे न बघता डॉक्टर कधी बोलतो हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी स्वतः ते करत आलो होतो. घरी येताना रिक्षात मी बायकोचा चेहरा बघत होतो आणि ती माझा. आम्हा दोघांच्याही मनात एकच शब्द होता. तिने तो उच्चारला नाही, आणि मला तर बोलायचीच बंदी होती.

बोलण्यासाठी तिने मला मुलांची असते तशी पाटी आणून दिली. त्या पाटीवर मी दिवसभर काय काय लिहायचो. मीठ कमी आहे, पेपर कुठे आहे, पंखा लाव. पण तपासणीचा रिपोर्ट आला का, हे लिहायला माझा हात जायचा नाही. पेन्सिल उचलायचो आणि चहा मागायचो.

दवाखाना महिनाभर बंद ठेवणं शक्य नव्हतं. गल्लीत आणखी एक डॉक्टर नुकताच बसला होता आणि गेलेला पेशंट परत येत नाही. म्हणून आठवड्याभराने मी पाटी घेऊन जाऊन बसलो. माझा कंपाउंडर वयस्क, बोलका माणूस होता. मी पाटीवर लिहायचं आणि त्याने पेशंटला वाचून दाखवायचं असं ठरलं. मी लिहायचो, 'पाणी जास्त प्या.' तो पेशंटला सांगायचा, "डॉक्टरसाहेब म्हणून राहिले का पाणी प्याच, तिखट खाऊ नका, बायकोशी भांडू नका, अन् सकाळी उठून जरा फिरत जा." मी पाटीवर टकटक करून निषेध नोंदवायचो. तो म्हणायचा, साहेब, तुमचाच मतलब सांगून राहिलो.

लोकांना माझ्या मुकेपणाची गंमत वाटली, मग दया आली. बरेचजण माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, कारण ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार असा त्यांचा समज होता. काही तर हातवारे करायचे. पोट दुखतं हे दाखवायला एका पैलवानाने असा काही अभिनय केला, की बाकावरच्या बायका घाबरल्या. आणि मला मधे तोडता येत नसल्यामुळे प्रत्येकजण भाच्याच्या लग्नापासून सुरुवात करून थेट तापापर्यंत पोचायचा. वेळ लागायचा. पण मला लक्षात यायला लागलं की शेवटी तो तापापर्यंत येतोच.

अशातच एक दिवस ती बाई आली. चाळिशीची असेल. ती बऱ्याच दिवसांपासून यायची आणि दरवेळी मला वैताग द्यायची. तिची तक्रार ठरलेली. खोकला येतो, संध्याकाळी अंग तापतं, घाम फुटतो, वजन उतरलं. मी छाती तपासायचो, तर छाती स्वच्छ. ताप पाहायचो, तर ताप नाही. वजन उतरल्याचं तर काहीच चिन्ह नव्हतं, बाई चांगली धडधाकट होती. मी तिला मनाचे खेळ म्हणून टॉनिक द्यायचो आणि ती निमूट घेऊन जायची.

त्या दिवशी कंपाउंडर औषधांच्या दुकानात गेला होता. ती खुर्चीवर बसली आणि तिने नेहमीचं सुरू केलं. मी पाटीवर लिहिलं, 'खोकल्यातून काय पडतं?' तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाचता येत नव्हतं. मला बोलता येत नव्हतं. मग दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे मी पाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो.

ती बोलत राहिली. खोकल्याचं झालं, तापाचं झालं. नेहमी मी इथे 'बरं, जीभ दाखवा' म्हणायचो. आज कोणी तसं म्हटलं नाही, म्हणून ती पुढे गेली. तिचा दीर कसा होता ते सांगितलं. तिच्या नवऱ्यासारखा तोही पितळेचंच काम करायचा. त्याला असाच खोकला झाला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरने भरल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, रोगाचं नाव मोठ्याने सांगितलं. घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. शेजाऱ्यांनी नळावर त्याच्या घागरीला घागर लागू दिली नाही. घरात त्याची ताटली वेगळी झाली. तो औषध घेत होता, तरी खचत गेला, आणि औषध संपायच्या आधी स्वतःच संपला. हे सांगताना ती रडत नव्हती. पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

बाहेर हातोडे चालू होते. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मले नाही होत ते. खोकला माह्या घरच्याइले येते."

खोकला नवऱ्याचा होता. ताप आणि घामही त्याचाच. भावाचं पाहिल्यापासून त्याने शपथ घेतली होती, की कोणत्याही डॉक्टरच्या दारात पाय ठेवायचा नाही. म्हणून ती त्याची दुखणी स्वतःच्या अंगावर घेऊन माझ्याकडे यायची आणि मी दिलेलं टॉनिक घरी नेऊन त्याला पाजायची. इतके दिवस मी एका क्षयाच्या माणसाला, न बघता, लाल रंगाचं गोड पाणी देत होतो, आणि त्याची बायको ते मोठ्या भरवशाने नेत होती.

मी पाटीवर लिहून काही उपयोग नव्हता. मी खाणाखुणा करून तिला विचारलं, तो इथे येईल का. तिने नकारार्थी मान हलवली. मग मी स्वतःकडे बोट दाखवलं आणि दरवाज्याकडे. ती विचारात पडली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं. ती म्हणाली, "तुमी आले तं चालन. तुमाले बोलताच येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडूनच घर होतं. नवरा खाटेवर बसला होता. कधीकाळी दणकट असावा, आता खांद्याची हाडं वर आली होती. बायकोने त्याला काय सांगून तयार केलं होतं ते तिच्या बोलण्यावरून समजलं. ती म्हणाली, "हेच ते डॉक्टर. घसा बसला आहे त्याइचा. काहीच बोलणार नाहीत." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्याचं समाधान झालं नसावं, कारण त्याने मला तोंड उघडायला सांगितलं आणि खिडकीच्या उजेडात माझ्या घशात डोकावून पाहिलं. रामदासपेठेतल्या तज्ज्ञांनंतर माझा घसा इतक्या काळजीने पाहणारा तो दुसरा माणूस. मग तो म्हणाला, "दुखते काय?" मी नाही म्हणून मान हलवली. "कधी बरं होईन म्हणते?"

हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मी खांदे उडवले. त्याने समजल्यासारखी मान डोलवली आणि सदरा काढून पाठ माझ्याकडे केली.

उजव्या बाजूला वर जे ऐकू येत होतं ते ऐकायला स्टेथोस्कोपचीही फारशी गरज नव्हती. त्याच्या बायकोच्या मदतीने आम्ही त्याचा छातीचा फोटो काढून आणला, बेडका तपासून घेतला. संशयाला जागा राहिली नाही. आता त्याला समजावणं भाग होतं. मी पाटीवर दोन फुफ्फुसं काढली आणि उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग घासून घासून पांढरा केला. त्याने पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बायकोला विचारलं, "हे वांगे काहून काढले वं?" तिने छातीवर हात ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने पाटी माझ्याकडे परत दिली आणि सदऱ्याची बटणं लावत राहिला. रोगाचं नाव त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं ही गोष्ट आम्हा दोघांच्या सोयीची होती.

सुई आणि गोळ्या सुरू झाल्या. खोकताना खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरायचा, हे मी स्वतःच्या रुमालाने करून दाखवलं. तिची आणि मुलांची छाती तपासली, ती सुदैवाने चांगली निघाली. रोज दुपारी बाक रिकामा झाला की तो मागच्या दाराने यायचा, टेबलावर पालथा पडायचा, मी सुई द्यायचो, तो निघून जायचा. इतका शांत पेशंट मी पुन्हा पाहिला नाही.

दरम्यान माझा महिना संपला. रामदासपेठेत जाऊन तपासून आलो. तज्ज्ञांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, छान, बोलायला लाग. मी पहिलं वाक्य बोललो ते रिपोर्टबद्दल विचारायला. ते म्हणाले, "अरे, तो तर केव्हाच आला. साधी गाठ होती. चांगलाच रिपोर्ट, त्यात काय कळवायचं?" माझी बायको बाहेर येऊन त्यांच्या बंगल्याच्या बागेतल्या कट्ट्यावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी तिच्या शेजारी बसलो.

दवाखान्यात मी पुन्हा बोलू लागलो. मात्र दुपारी तो आला की गप्प राहायचो. त्याच्या बायकोने मला हात जोडून तशी विनंती केली होती. तिचं म्हणणं होतं की याला सुधारणा आहे, भूक लागून राहिली आहे, आता तुम्ही बोललात तर तो बिथरेल. मला ते पटलं. कंपाउंडरलाही मी सक्त ताकीद दिली. तोही तेवढा वेळ गप्प बसायचा, आणि त्याला त्याचा किती त्रास होई ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

असे दोन-तीन महिने गेले असतील. एक दिवस तो टेबलावर पालथा पडलेला असताना कंपाउंडरच्या हातून उकळत्या सुयांचं भांडं माझ्या पायाजवळ पडलं. माझ्या तोंडून एक खणखणीत शिवी गेली. कंपाउंडर माझ्याकडे बघत राहिला. मी सिरिंज हातात धरून तसाच उभा. टेबलावरचा माणूस हलला नाही. जरा वेळाने तो उशीत तोंड ठेवूनच म्हणाला, "आवाज बरा झाला वाटते."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्याने मागे हात करून मला थांबवलं. "राहू द्या," तो म्हणाला. "सुई मारा."

मी सुई मारली. त्यानंतर वर्षभर तो येत राहिला आणि आमचं दोघांचं तसंच चालू राहिलं. मला बोलता येतं हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. मला आता वाटतं, त्याला रोगाचं नावही पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच. तो कामावर परत गेला. गल्लीत कोणी त्याच्या घागरीला नाव ठेवलं नाही. पुढे सुया बंद झाल्या, गोळ्या चालू राहिल्या, आणि शेवटी पुन्हा फोटो काढला तेव्हा त्यात डागाच्या जागी एक बारीकशी रेघ तेवढी उरली होती.

त्या दिवशी तो पुढच्या दाराने आला, बायकोला घेऊन. खुर्चीवर बसला, दुपट्टा मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आता बोला. काय झालं होतं मले?"

मी सांगितलं. टी.बी. होता, आता गेला. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "आवाज कसा आहे वं ह्याइचा. फुटक्या परातीवानी."

परातींच्या बाबतीत त्याचा शब्द गल्लीत शेवटचा मानत, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण तोंड उघडायची परवानगी मिळालीच होती, तर इतक्या महिन्यांचं साचलेलं मी सगळं सांगून टाकलं. बिडी पूर्ण सोडायची, अंडी-दूध घ्यायचं, धुरात बसायचं नाही, सहा महिन्यांनी परत फोटो, घरातल्यांना खोकला झाला तर लगेच आणायचं, आणि असली दुखणी लपवली तर काय होतं, याची दोन-तीन भयंकर उदाहरणं. तो आधी माझ्याकडे बघत होता, मग खिडकीतून बाहेर. शेवटी उठला, नमस्कार केला आणि गेला.

त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. बायको यायची, मुलांना घेऊन यायची. एकदा मी तिला विचारलं, की ते काहून येत नाहीत, तब्येत तर ठीक आहे ना. ती जरा संकोचली. मग म्हणाली, ठणठणीत आहेत. सर्दी-पडसं झालं तर गल्लीतल्या त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तो पेशंटकडे वर मान करूनही बघत नाही, चिठ्ठी लिहितो आणि हातात देतो. ह्यांना तो फार आवडतो.

"तुमचं नाव घेतात पुष्कळ," ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. "चार जणाइले तुमच्याकडं धाडलं त्याइनं. पण स्वतः येत नाहीत. म्हणते, डॉक्टर चांगला होता, पण आता लय बोलते."

त्याने पाठवलेले ते चौघे माझ्याकडे पुढे कित्येक वर्षं येत राहिले. सगळं ऐकून घेणारा डॉक्टर म्हणून त्याने त्यांना माझा पत्ता दिला होता.